एकशे दहाचे एकशे चाळीस

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवीन काही शिकावं, पण शिकलोय हे चारचौघांत सांगत सुटू नये. मी नेमकं उलटं केलं. सुट्टीत समुद्रकाठी गेलो असताना पाच दिवसांत स्कूबा डायव्हिंग शिकलो, आणि परतल्यावर महिनाभर चष्म्याच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवलं. डोळ्यांचा नंबर तपासायला बसलेल्या माणसाची हनुवटी पट्टीवर टेकलेली असते, एक डोळा झाकलेला असतो. त्याला पळून जाता येत नाही.

गिऱ्हाइकांना मी काय सांगत नव्हतो तेही सांगून टाकतो. मी एकूण चार वेळा पाण्याखाली गेलो होतो. चारही वेळा आमची शिक्षिका, माझ्या लेकीच्या वयाची मुलगी, मला पाठीवरच्या सिलिंडरच्या मानेला धरून हिंडवत होती, मांजर पिल्लाला हिंडवतं तशी. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणून पंचवीस वर्षं जपलेली मिशी मी तिच्या एका शब्दावर उडवली होती. मासे म्हणाल तर सात-आठ पाहिले असतील. बाकी सगळा वेळ माझेच बुडबुडे पाहण्यात गेला.

तरी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर नाव माझं होतं आणि फोटो कुणा बिनमिशीच्या घाबरलेल्या गृहस्थाचा.

खरी पंचाईत घरी आल्यावर सुरू झाली. डायव्हिंगचा पहिला नियम असा, की एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. जोडीदार लागतो. प्रत्येकाच्या सिलिंडरला श्वासाच्या दोन नळ्या असतात, एक स्वतःसाठी, एक जोडीदाराला गरज पडली तर. खाली असताना त्याने तुमच्यावर लक्ष ठेवायचं आणि तुम्ही त्याच्यावर. हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आता फक्त असा माणूस हवा होता. समुद्र आमच्या गावापासून सहा तासांवर, आणि माझ्या ओळखीतले सगळे लोक कोरडे.

डायव्हिंगचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने मला फोनवरच्या एका ग्रुपात घातलं. तिथे मी चांगला दहा ओळींचा परिचय लिहिला. त्यात ‘वेगाने प्रगती’ हे शब्द दोनदा आले होते. त्याखाली नऊ दिवस कुणी काही लिहिलं नाही. दहाव्या दिवशी एकाने जुना टॉर्च विकायचा असल्याचं कळवलं.

पुढच्या दोन महिन्यांत मी तीन जोडीदार करून पाहिले. पहिला दातांचा डॉक्टर होता. तो मला पुलाखालच्या नदीत घेऊन गेला. पाणी इतकं गढूळ, की लांब केलेल्या हाताची बोटं दिसायची नाहीत. डॉक्टर कॅमेरा घेऊन कशाच्या तरी मागे गेला आणि मी त्याच्या पायातल्या पिवळ्या फिन्सच्या मागे. वीस मिनिटांनी वर आलो तेव्हा त्या फिन्सचा मालक मला विचारू लागला, “आपण कोण?” तो डॉक्टर नव्हता. दुसऱ्या खेपेस एक नवरा-बायको भेटले. ते पाण्याखाली हातवारे करून भांडत आणि मला साक्षीला धरत. तिसऱ्याशी फक्त फोनवर ओळख झाली. प्रत्येक रविवारी त्याचा एकेक नातेवाईक आजारी पडत गेला, आणि आजोळचे संपून सासुरवाडीचे सुरू झाले तेव्हा मी नाद सोडला.

माझी बायको मोटार शिकवते. तिच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी तिच्याही पायाखाली एक ब्रेक असतो. ‘मला सगळं येतं’ म्हणणारे पुरुष ती अठरा वर्षं बघते आहे, त्यातला पहिला घरातच. माझी रडकथा ऐकून ती म्हणाली, “तुला जोडीदार नकोय. तुला दुसऱ्या ब्रेकवाला माणूस हवाय.” मला राग आला. राग आला की मी चष्मे पुसत बसतो. त्या आठवड्यात दुकानातली झाडून सगळी काच लखलखीत झाली.

मग सामानवाल्या दुकानदाराचा फोन आला. “एक जण आहेत. बोलत नाहीत फारसं, पण पाण्यात त्यांच्यासारखा माणूस नाही. त्यांचा जोडीदार दीड वर्षापूर्वी गाव सोडून गेला. तेव्हापासून उतरलेले नाहीत बिचारे.”

ते कुलूप-किल्लीवाले होते. साठीला आलेले, बारीक, दंडापर्यंत बाह्या गुंडाळलेले. त्यांना सगळे काकाच म्हणत. दुकान एवढं अरुंद, की मधोमध उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींवरच्या किल्ल्या वाजाव्यात. मी अकरा प्रश्नांची उत्तरं तयार करून गेलो होतो. त्यांनी दोनच विचारले. “खाली जाताना कान मोकळे होतात का?” आणि “रविवारी सकाळी सात वाजता जमेल का?”

दोन्हींना मी हो म्हणालो, आणि घरी येताना रस्त्यात उगीचच शीळ वाजवली. खूप वर्षांनी कुणीतरी मला आपल्यात घेतलं होतं. आमच्या वयात नवे मित्र मिळत नाहीत, मिळतात ते व्याही. त्यामुळे हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढं मी त्याच दिवशी ठरवलं.

गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण आहे. तिथलं काम बंद पडलं, पंप थांबले आणि जमिनीतलं पाणी वर येत येत खाण काठोकाठ भरली. आता तिथे कपडे बदलायला पत्र्याची शेड आहे, सिलिंडर भरायचं यंत्र आहे, आणि पाण्यात उतरायला लोखंडी जिना. डायव्हिंगवाल्या मंडळींनी पाहायला काहीतरी असावं म्हणून तळाशी एक न्हाणीतला टब, दोन सायकली आणि एक टेलिफोनची पेटी सोडली आहे. पण पलीकडच्या भिंतीपाशी जे आहे ते कुणी सोडलेलं नाही. पाणी वाढत गेलं तेव्हा खाणीची एक क्रेन वर काढायची राहून गेली. ती तशीच उभी आहे.

“क्रेन दाखवतो तुम्हाला,” पहिल्या रविवारी थर्मासमधला चहा ओतताना काका म्हणाले. त्यांच्या हिशोबाने हे भाषणच होतं.

क्रेनच्या आड मी आलो. सांगतो कसा. सिलिंडर भरलेला असतो तेव्हा हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर दोनशेचा आकडा दिसतो. श्वास घ्याल तसा काटा उतरतो. पन्नासला वर आलेलं असलं पाहिजे. आणि क्रेनपर्यंत जाऊन परत यायचं तर मध्ये एक मोठा पांढरा दगड लागतो, त्याच्यापाशी दोघांतही निदान एकशे चाळीस हवेत. कमी असतील तर मागे फिरायचं. हा काकांचा नियम.

काका पाण्यात श्वास घेतात की नाही अशी शंका यावी इतके शांत असतात. मी मात्र खाली गेलो की धापा टाकतो. पहिल्या रविवारी पांढऱ्या दगडापाशी काकांनी खुणेने विचारलं, किती? मी बोटांनी दाखवलं, शंभर. त्यांनी अंगठा मागे वळवला. एकोणीस मिनिटांत आम्ही बाहेर होतो. शेडमधले लोक अजून सूट चढवत होते. “काही विसरलं का?” एकाने आपुलकीने विचारलं.

दुसऱ्या रविवारी पंच्याण्णव. तिसऱ्या रविवारी एकशे पाच, आणि तेवढ्यावर मी पार्टी द्यायच्या बेतात होतो. एव्हाना शेडमध्ये माझं नाव पडलं होतं. भाता. लोहाराचा असतो तो. काका कधी मला त्या नावाने हाक मारत नसत, पण कुणी मारली तर हसू लपवायला चहाचा कप तोंडाशी नेत.

मी सराव सुरू केला. जिने चढताना आठ पायऱ्यांना एक श्वास. दुकानात गिऱ्हाईक नसताना तोंडात सरबताची नळी. एका दुपारी सोफ्यावर पडून मी मिनिटाला चार श्वासांवर आलो होतो. बायको कामावरून आली, दोन मिनिटं माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग तिने माझ्या नाकाखाली स्वतःच्या चष्म्याची काच धरली. “जिवंत आहेस,” ती म्हणाली. “मग उठ आणि कपडे वाळत घाल.”

चौथ्या रविवारी पुन्हा एकशे पाच. त्या दिवशी मागे फिरण्याआधी काका दगडापाशी जरा थांबले. पलीकडच्या हिरव्या अंधारात काही दिसत नव्हतं, तरी ते त्या दिशेला बघत होते. मग वळले. चहा पिताना एक शब्द बोलले नाहीत. तसे ते कधीच बोलत नसत, पण मला त्या दिवशीचं न बोलणं लागलं. वाटलं, संपलं. हा माणूस दुसरा जोडीदार बघणार. दुसरे होतेच शेडमध्ये, मिनिटाला सहा श्वास घेणारे.

पाचव्या रविवारी पाणी कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. दगडापाशी पोचलो आणि पलीकडे क्रेनचा हात दिसला, तिरका, लांब, काळा. काकांनी विचारलं, किती? मी गेज पाहिलं. एकशे दहा. माझा विक्रम होता तो.

मी बोटांनी दाखवलं, एकशे चाळीस.

इथे माझ्या धंद्याबद्दल एक सांगायला हवं. भिंतीवरचा तक्ता वाचताना लोक खोटं बोलतात. खालची ओळ दिसत नसते, पण मघाशी आत येताना पाठ करून ठेवलेली असते, नाहीतर अंदाजाने ठोकून देतात. वीस वर्षं मी त्यांना हसत आलो. घरी येऊन बायकोला सांगायचो, अगं, नंबर वाढला हे कबूल करायला काय जातं यांचं? स्वतःच्याच डोळ्यांशी कसली फसवाफसवी? आणि आता मी बारा मीटर पाण्याखाली, स्वतःच्याच फुप्फुसांच्या बाबतीत तेच करत होतो.

काका माझ्याकडे पाहत राहिले. एक क्षण, कदाचित दोन. मग त्यांनी पुढे बोट केलं.

क्रेन मात्र बघण्यासारखी होती, हे मान्य केलंच पाहिजे. चालकाच्या केबिनला काच नव्हती. आत सीट होतं, दांडे होते, दांड्यांवर बारीक हिरवी लव. काका केबिनच्या दाराशी तरंगत राहिले. त्यांनी हात आत घालून एक दांडा हलकेच धरला, आणि मास्कच्या आत त्यांचे डोळे इतके खूश दिसले, की मी त्या मिनिटापुरता माझा काटा विसरलो. मग पाहिला. पंचावन्न.

शहाण्या माणसाने तिथेच सांगितलं असतं. मी हिशेब करू लागलो. पंचावन्नात परत जाता येईल, फक्त श्वास जरा बेताने घेतला पाहिजे. आणि श्वास बेताने घ्यायचा असं मनात आणलं, की माझा भाता दुप्पट चालतो. परतीच्या वाटेवर चाळीस झाले. मी गेज मुठीत झाकून धरलं. तीस झाले. काका पुढे होते, मधूनमधून वळून हाताने विचारत, ठीक? आणि मी दर वेळी अंगठा आणि बोट जुळवून कळवत होतो, ठीक. जीव जायची वेळ आली तरी माझं आपलं एकच, की या माणसाला कळू नये.

मग श्वास ओढला आणि तो नीट आला नाही. जाड गादीतून हवा ओढावी तसं झालं. पुढचा तर आलाच नाही. माझी पाचावर धारण बसली. मी काकांची फिन पकडली, ते वळले, आणि मी गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली, अशी ती खूण.

काकांनी काहीही घाई न करता आपली दुसरी नळी काढून माझ्या तोंडात दिली. माझा खांद्याचा पट्टा घट्ट धरला आणि मला वर न्यायला सुरुवात केली. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, तिथे आम्ही थांबलो. दोघांची तोंडं समोरासमोर, मध्ये वीतभर पाणी, आणि मी त्यांची हवा ढोसतोय. त्यांनी माझं गेज उचललं, पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांच्या डोळ्यांत बघायची माझी छाती झाली नाही.

वर आलो. काठ अजून लांब होता. पाठीवर पडून पाय मारत मारत जिन्यापर्यंत यायला पाव तास लागला. तेवढ्या वेळात ते एवढंच बोलले,

“किती दाखवलेत?”

“एकशे चाळीस.”

“होते किती?”

“एकशे दहा.”

शेडमध्ये त्यांनी सूट उतरवला, घडी घातली, सामान उचललं आणि गेले. चहाचा थर्मास उघडलाच नाही.

दोन रविवार गेले. मी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. दुसऱ्या रविवारी रात्री बायकोने आपण होऊन विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि रडली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना दोनदा पाहिलं असेल. मग डोळे पुसून म्हणाली, “त्या माणसाला हे सगळं लिहून दे. तोंडी सांगशील तर पुन्हा स्वतःला सोयीचं सांगशील.”

लिहायला जागा होती. प्रत्येक डायव्हरची एक वही असते. पाण्यात उतरायच्या प्रत्येक खेपेला एक पान. किती खोल, किती वेळ, काय पाहिलं, हे लिहायचं आणि खाली जोडीदाराची सही घ्यायची. सही नसेल तर ते पान जमेत धरत नाहीत. त्या रविवारच्या पानावर मी लिहिलं, ‘दाखवले एकशे चाळीस, होते एकशे दहा. पंचावन्न असतानाही सांगितलं नाही. शेवटपर्यंत ठीक म्हणत राहिलो. चूक सर्वस्वी माझी.’ आणि वही काखोटीला मारून किल्लीच्या दुकानात गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून दुकानाच्या खणाचं कुलूपही नेलं.

काकांनी कुलूप दोनदा उघडून मिटून पाहिलं. “चांगलं आहे की.”

“हो,” मी म्हणालो आणि वही पुढे केली.

त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग कानस उचलली आणि चिमट्यात अडकवलेल्या किल्लीवर फिरवायला लागले.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“दगडापाशी तुमच्यात एकशे चाळीस कधी उरणार नाहीत. चार रविवार बघत होतो ना तुम्हाला. उरले असतील शंभर-एकशेदहा.”

“मग तुम्ही पुढे कसे गेलात?”

“क्रेन दिसत होती.” कानस थांबली नाही. “दीड वर्ष झालं होतं. म्हटलं, हा सांगतोय एकशे चाळीस, तर असतील. मला तेच ऐकायचं होतं. तुमचं गेज हाताच्या अंतरावर होतं. वळवून पाहिलं असतं तर परत फिरावं लागलं असतं, म्हणून नाही पाहिलं. फोन उचलून काय बोलणार होतो तुमच्याशी? रागवायला तोंड नव्हतं मला.”

आता माझा स्वभाव पाहा. हे ऐकून मला आधी बरं वाटलं. दोन आठवडे डोक्यावर घेऊन फिरत होतो त्यातलं निम्मं ओझं कुणीतरी आपण होऊन उचललं होतं. मी लगबगीने पेन काढून पुढे केलं. “मग करून टाका सही.”

काकांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. पेनाचं टोक त्यांनी पानाच्या तळाशी एका रकान्यावर ठेवलं. ‘जोडीदाराची उरलेली हवा,’ असं त्यावर छापलेलं होतं. रकाना रिकामा होता. त्यांनी मागच्या चार रविवारांची पानं उलटली. चारही पानांवर रिकामा.

“तो मी भरलाच नाही,” मी म्हणालो. “तुम्ही इतके कमी... म्हणजे, तुम्हाला कुठे काय अडचण येणार? किती होती त्या दिवशी?”

“आता विचारताय.”

मी माझं कुलूप उगीच उघडून मिटलं.

“पाण्यावर आलो तेव्हा पंचवीस उरले होते,” काका म्हणाले. “माझ्या एका सिलिंडरवर दोघं वर आलो. आणखी पाच मिनिटं खाली असतो तर दोघांनाही नव्हते.” त्यांनी रकान्यात पंचवीस लिहिले. “पाच रविवार झाले. एकदाही विचारलं नाहीत, काका, तुमच्यात किती? मला वाटायचं, नवा आहे, आज ना उद्या विचारेल.”

मला लाज वाटली, आणि ती पकडलं गेल्याची नव्हती. दोन-अडीच महिने मी गावभर जोडीदार शोधत हिंडलो. आपणही कुणाचे तरी जोडीदार असतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांच्या हवेतले मी माझ्यापुरते श्वास घेतले होते, आणि उरलेल्यात हा माणूस कसा वर येतोय ते बघितलंही नव्हतं.

काकांनी सही केली. वही मिटून माझ्यासमोर ठेवली आणि वर माझं चांगलं कुलूप ठेवलं.

“रविवारी उथळात उतरू,” ते म्हणाले. “टबापर्यंत. बारा मिनिटं. क्रेन नाही.”

“चालेल,” मी म्हणालो. “आणि दर तीन मिनिटांनी मी तुम्हाला विचारेन, किती.”

“विचारू नका,” काका म्हणाले. “गेज हातात घ्या आणि वळवून बघा. खोटं मलाही दाखवता येतं.”